एक्स-रेचा पहिला वाचक

छातीचा एक्स-रे काढताना आतून हुकूम येतो, ‘श्वास भरून घ्या, रोखून धरा.’ लगेच ‘सोडा’ म्हणतात आणि आपण शर्टाची बटणं लावायला लागतो. तंत्रज्ञाचं अवघड काम तिथून सुरू होतं. पडद्यावर आलेलं चित्र डॉक्टरांकडे पाठवण्याजोगं आहे का, हे पेशंट बाहेर पडण्याआधी त्याला ठरवावं लागतं. एक्स-रेचा पहिला वाचक तोच.

तो आधी बरगड्या मोजतो. श्वास पुरता भरलेला असेल तर श्वासपटलाच्या वर मागच्या १० किंवा पुढच्या ६ बरगड्या दिसतात. युरोपीय आयोगाने १९९६ साली छापलेल्या निकषांतही हीच मोजणी आहे. श्वास अर्धवट असला की फुप्फुसाचा तळ आकसून धूसर होतो, हृदय मोठं भासतं आणि नसलेल्या न्यूमोनियाची शंका येते. मग कॉलर बोनची आतली टोकं बघायची. मधल्या मणक्याच्या काट्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर हवीत. पेशंट जरा तिरका उभा असला तरी हे अंतर बिघडतं आणि एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळं दिसतं. पाठीची त्रिकोणी हाडं फुप्फुसांवर आली असतील, तर खांदे पुढे घ्यायला सांगायचं राहिलं.

एवढं पाठ झालं म्हणजे पारख आली, असं नाही. समजा, फुप्फुसाचं वरचं टोक चित्रात कापलं गेलं. क्षयाची शंका असेल तर एक्स-रे पुन्हा काढायलाच हवा, कारण मोठ्या माणसांत क्षय बहुधा त्या वरच्या भागातच दिसतो. पण नाकातून घातलेली नळी पोटात पोचली का एवढंच बघायचं असेल, तर त्याच चित्रावर भागतं. उगाच पुन्हा काढणं म्हणजे पेशंटला उगाच किरण देणं. डॉक्टरांचा प्रश्न माहीत नसेल तर चित्र चांगलं की वाईट हे ठरवताच येत नाही, आणि शिकवताना नेमकं हेच मागे पडतं.

डिजिटल यंत्रांनी पेच वाढवला. पूर्वी किरण जास्त झाले की फिल्म काळी पडायची, चूक लपत नसे. आता संगणक उजेड-अंधार सावरून घेतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार होतं, जास्त झाले तर उलट छान दिसतं! त्यामुळे मात्रा नकळत चढत जाते. म्हणून अनेक यंत्रं शेजारी एक आकडा दाखवतात, डेव्हिएशन इंडेक्स. तो शून्याच्या आसपास हवा. अधिक ३ म्हणजे ठरलेल्यापेक्षा साधारण दुप्पट मात्रा. हा आकडा वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावायला हवी.

पारखीवर किती अवलंबून असतं, हे मॅमोग्राफीत स्पष्ट दिसतं. तिरक्या छायाचित्रात छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे. तसा नसेल, तर मागचा काही भाग चित्रात आलाच नसण्याची शक्यता असते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाची मांडणी योग्य होती तिथे तपासणीने ८४.४ टक्के कर्करोग पकडले. मांडणी चुकली तिथे ६६.३ टक्केच. जे चित्रात आलंच नाही, ते रेडिओलॉजिस्ट कितीही निष्णात असला तरी त्याला कुठून दिसणार?

ही नजर नुसत्या पुस्तकाने येत नाही. फसलेली चित्रं समोर ठेवून प्रत्येकाला विचारावं लागतं: काय चुकलं, पेशंटला कसं उभं करशील, पुन्हा काढशील की नाही आणि का? मग रेडिओलॉजिस्टने आपलं मत सांगावं. फसलेलं चित्र आता एका क्लिकमध्ये पुसता येतं, आणि त्याबरोबर धडाही पुसला जातो. ते कारणासह जपावं आणि त्यावरून कुणाला बोल लावू नये, नाहीतर पुढचं चित्र गुपचूप पुसलं जाईल. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार एक्स-रे यंत्रांची ठरावीक मुदतीने चाचणी करावी लागते. रुग्णालयांनी त्याच शिस्तीने आठवड्यातला एक तास या चित्रांसाठी राखून ठेवावा.

आपल्यालाही थोडं करता येईल. चिठ्ठीवर नुसतं ‘चेस्ट एक्स-रे’ असेल, तर तो कशासाठी, हेही डॉक्टरांना लिहायला सांगा. आणि तंत्रज्ञ ‘पुन्हा एकदा उभे राहा’ म्हणाला, तर कारण जरूर विचारा, पण रागावू नका.