आकाशातून दिसणारे आपले शेत

आपल्या पणजोबांनी दगड वेचून ज्या जमिनीत ऊस उभा केला, ती जमीन आज आकाशातूनही पाहिली जाते. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह मॉरिशसची चित्रे घेत असतात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सुटला. युरोपचा सेंटिनेल-२ हा २०१५ पासून काम करीत आहे.

उपग्रहाला हिरवळ कळते ती अशी: हिरवे पान उन्हातील तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंच्या फरकावरून जमीन हिरवी की उघडी, हे गणिताने काढतात. सेंटिनेलच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे १० मीटर लांब-रुंद जागा. लहान शेतकऱ्याच्या एका आर्पांत असे सुमारे ४२ ठिपके बसतात. लँडसॅटचे मात्र जेमतेम पाच.

आता कार्बनचा हिशेब पाहू. झाड हवेतील कार्बन घेऊन लाकडात साठवते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. ऊसही कार्बन घेतो. परंतु तोडणी होऊन चिपाडे कारखान्यात जळली की त्यातला बराचसा पुन्हा हवेत जातो. झाड तोच कार्बन अनेक वर्षे धरून ठेवते.

युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला, तेव्हा अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. काही शेतांवर घरे झाली, काही पडीक राहून त्यांत झुडपे माजली. उपग्रहाच्या चित्रात ही झुडपे हिरवी, डोंगरातील चिनी पेरूचे रान हिरवे आणि एबनीचे मूळचे अरण्यही हिरवेच! रंग सारखा, पण साठा सारखा नाही. म्हणूनच शास्त्रज्ञांना रानात जाऊन खोडांचे घेर मोजावे लागतात आणि ती मोजमापे चित्राशी ताडून पाहावी लागतात. नुसत्या हिरव्या रंगावर केलेला हिशेब फसवा ठरतो.

शिवाय जमीन आज काय आहे एवढ्याने भागत नाही. पूर्वी तेथे काय होते, हेही कळावे लागते. लँडसॅटची चित्रे १९७२ च्या मागे जात नाहीत. त्याआधी कोणत्या शेतात ऊस होता, कोठे रान होते, हे आपल्या घरातील आजी-आजोबांना ठाऊक आहे. वाचकहो, ते आपल्यात आहेत तोवर त्यांना विचारा आणि वर्षासह लिहून ठेवा.