कडवंचीचे बांध

कडवंची हे जालना तालुक्यातले गाव आज द्राक्षबागा आणि शेततळ्यांसाठी ओळखले जाते. तीस वर्षांपूर्वी त्याची ओळख चढउताराची, मुरमाड, पावसाबरोबर माती सोडून देणारी जमीन एवढीच होती. हा पालट पाणलोट विकासातून झाला. त्याचे श्रेय विजयअण्णा बोराडे आणि त्यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाकडे जाते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून झाला. पूर्णा, दुधना, कुंडलिका या त्याच्या नद्या; दक्षिणेला गोदावरी. खाली सगळीकडे काळा पाषाण. त्यात पाणी मुरते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे फार थोडे. वर्षाचा पाऊस सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत आटोपणारा. म्हणून इथले शेतीचे ज्ञान पावसाच्या वेळेभोवती रचलेले आहे. मृगाची पेरणी, हस्ताच्या पावसावर रब्बी ज्वारीची भिस्त, आणि पेरणीआधी मूठभर माती दाबून वाफसा आला की नाही हे पाहणे, हे कोणी शाळेत शिकवत नाही. महिनाभराचा पाऊस दोन दिवसांत कोसळून मग तीन आठवडे उघडीप पडू लागली, की हे ज्ञानच निकामी होऊ लागते. माती वाहून गेलेल्या रानात वाफसा टिकत नाही आणि नक्षत्रे पंचांगापुरती उरतात.

हवामान बिघडले की जगण्याची रीतही हातची जाते, हा मुद्दा जगापुढे कायद्याच्या भाषेत मांडला तो इनुइट समाजातल्या शीला वॉट-क्लूटिये यांनी. कॅनडाच्या उत्तरेकडील कूजुआक येथे १९५३ मध्ये जन्मलेल्या वॉट-क्लूटिये यांचे बालपण कुत्र्यांच्या घसरगाडीवरून प्रवास करण्यात गेले. डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी कॅनडा आणि अलास्कातील ६२ इनुइट स्त्री-पुरुषांसह अमेरिका खंडाच्या मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला. अमेरिकेने कर्ब उत्सर्जन आवरले नाही, त्यामुळे बर्फ वितळून इनुइटांच्या शिकारीवर, अन्नावर आणि संस्कृतीवर घाला येतो, असे त्यांचे म्हणणे होते. बर्फाची जाडी रंगावरून ओळखणारा शिकारी आणि वाफसा बोटांनी ओळखणारा शेतकरी यांची अडचण एकाच जातीची आहे. आयोगाने तो अर्ज २००६ मध्ये पुढे नेला नाही, तरी २००७ मध्ये या विषयावर सुनावणी घेतली. जालन्यात असा अर्ज कोणी केला नाही. इथली लढाई कुदळ-फावड्याची झाली.

बोराडे यांनी पाणलोटाचे काम ऐंशीच्या दशकात औरंगाबादजवळच्या आडगावात करून पाहिले होते. कडवंचीत संधी आली ती इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून. नगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांच्या कल्पनेतून हा कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डची. कडवंचीत १९९६ ते २००२ या काळात सुमारे १,८८८ हेक्टरवर काम झाले आणि खर्च आला सव्वा कोटीच्या आसपास. काम माथ्यापासून पायथ्याकडे: वर समतल चर, ओघळींत दगडी बांध, खाली नाल्यावर बंधारे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मजुरीचा ठरलेला हिस्सा श्रमदानातून द्यायचा, या अटी गावाने आधी मान्य करायच्या होत्या.

यातले अवघड काम बंधाऱ्यांचे नव्हतेच. नाला सरकारी असतो. तिथे काय बांधले याची कोणाला फारशी तोशीस लागत नाही. शेताच्या बांधाचे तसे नाही. बांध दोन खातेदारांच्या मध्ये असतो, तो वीतभर सरकला तरी भाऊ भावाला कोर्टात खेचतो. बांधबंदिस्ती करायची तर वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतात कुठून उतरणार, सांडवा कोणाच्या वाट्याला येणार, हे त्या दोघांनाच ठरवावे लागते. म्हणून या कार्यक्रमात नकाशा कचेरीत न काढता गटागटाने, शेतमालकाला त्याच्या रानात उभे करून आखणी करण्याची पद्धत होती. दिसायला वेळखाऊ, पण आपल्या तोंडून ठरलेला बांध शेतकरी सहसा नांगराखाली घालत नाही.

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने पुढे गावाची पाहणी केली. १९९६ मध्ये सरासरी चाळीस हजार असलेले वार्षिक उत्पन्न २०१२ पर्यंत तीन लाख एकवीस हजारांवर गेले होते. त्याच २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या, लोक उभी झाडे तोडत होते. कडवंचीच्या द्राक्षबागा मात्र तगल्या.

बोराडे यांचे दुसरे काम कमी गाजले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरवण्याचा शिरस्ता त्यांनी घालून दिला आणि तो वर्षानुवर्षे चालला. उद्घाटने आणि हारतुरे यांनी भरलेल्या आपल्या शेतकरी मेळाव्यांच्या तुलनेत हे रुक्षच. पण नक्षत्रांचा भरवसा उरला नाही तेव्हा या महिन्यात शेतात काय करायचे, हे विचारायला एक ठरलेली जागा त्यामुळे राहिली.

कडवंचीत आज पाचशेहून अधिक शेततळी आहेत आणि प्रश्नही तिथेच आहे. प्लास्टिकचा कागद अंथरलेले तळे पाणी जिरवत नाही. पुष्कळदा ते विहिरीचे पाणी उपसून भरले जाते आणि उन्हाळ्यात त्यातले बरेचसे वाफ होऊन उडते. सर्वांच्या बांधांनी मुरवलेले भूजल अशा रीतीने एकाच्या तळ्यात जाते, हा महाराष्ट्रातल्या शेततळ्यांवर अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप कडवंचीला वगळून जात नाही. द्राक्षासारखे पीक मे महिन्यातही पाणी मागते. बाजरी तसे मागत नव्हती. २०१८ पासून जालन्यासह राज्यातल्या निवडक जिल्ह्यांत जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा असतो: पडले किती, मुरले किती, पिकांना लागणार किती. तो मांडला जातो. त्यानुसार पीक बदलण्याची सक्ती मात्र कोणावर नाही.