बिऱ्हाड कोठे मांडावे?

आळ्यास रेड्याच्या समाधीची यात्रा चैत्रात भरते. ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदविले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची ही समाधी. पुण्यामुंबईस गेलेली माणसे या निमित्ताने वर्षातून एकदा तरी गावाकडे पाय वळवितात. दर्शन झाले, पंगत उठली, की ओट्यावर बसून जे बोलणे निघते ते पुष्कळदा एकाच विषयाचे असते. कोणाच्या मुलाला चाकणला नोकरी लागलेली असते, कोणाच्या जावयाची पिंपरीस बदली झालेली असते. आणि प्रश्न असा की आता बिऱ्हाड मांडावे कोठे? भोसरीस की मोशीस, निगडीस की थेट पुण्यात? परीक्षा आटोपलेल्या असतात आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडावयाच्या असतात. म्हणजे निर्णयाला हाती जेमतेम दोन महिने उरतात. वसंतातील या व्याख्यानासाठी मी हाच विषय निवडला, त्याचे कारण एवढेच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की शहरास जाणे आपल्याकडे जुने असले, तरी हा प्रश्न त्या मानाने नवा आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतील माणसे कितीतरी पिढ्या मुंबईस जात आली. मुंबईचे प्रसिद्ध डबेवाले प्रामुख्याने याच पट्ट्यातले. परंतु त्या काळी जात असे तो एकटा पुरुष. गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकावयाची, खाणावळीत जेवावयाचे आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर धाडावयाची, असा क्रम होता. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीशीच अधिक भरली, यातच सारे आले. अशा माणसाला वस्तीची निवड करावी लागत नव्हती. कामाच्या जवळ वळकटी ठेवण्यापुरती जागा मिळाली की त्याचे भागत असे. बायकामुले बरोबर निघाली, त्या दिवशी हा प्रश्न जन्मास आला.

आपल्या बाबतीत तो दिवस पिंपरीने जवळ आणला. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे चाकणही उद्योगनगर बनले. आळेफाट्याहून पुणे सुमारे ९० किलोमीटर. रेल्वे नाही, पण नाशिक-पुणे हमरस्ता सरळ नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी, भोसरी असा उतरत जातो. मुंबईस गेलेल्याला दिवाळीशिवाय घर दिसत नसे. भोसरीस राहणारा शनिवारी रात्री घरी येऊन सोमवारी कामावर हजर होऊ शकतो. म्हणूनच आपल्या मंडळींची वस्ती या रस्त्याच्या कडेने वाढत गेली, आणि ती सहकुटुंब वाढली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वस्ती निवडतो कोण? बहुतेक घरांत ज्याला नोकरी लागली तो. तो एका रविवारी जातो, दोन-चार जागा पाहतो, भाडे विचारतो, कंपनीची बस कोणत्या चौकात थांबते ते पाहतो आणि सौदा ठरवून येतो. परंतु हा गृहस्थ सकाळी सातला बाहेर पडणार आणि रात्री आठला परतणार. त्याला त्या वस्तीत झोपण्यापुरतेच राहावयाचे आहे. उरलेले तेरा तास तेथे कोण काढणार? त्याची पत्नी, त्याची मुले, आणि गावाहून आलेले आईवडील. ज्याने वस्ती निवडली तो तीत सर्वांत कमी राहतो, आणि ज्यांना ती दिवसभर सोसावयाची त्यांना कोणी विचारलेले नसते. माझे सांगणे एवढेच आहे की, वस्ती निवडावी ती तीत सर्वांत अधिक वेळ राहणाऱ्यांसाठी. पुढील सारे विवेचन हे या एका वाक्याचा विस्तार आहे.

यावर कोणी म्हणेल, हे बोलावयास ठीक. पण भाडे कोणी भरावयाचे? शंका रास्त आहे. शहराच्या कडेला जागा स्वस्त आणि आत महाग, हे खरेच. तथापि भाड्याचा आकडा हा खर्चाचा एक भाग झाला. समजा, स्वस्त जागेपायी रोज जाऊनयेऊन दोन तास अधिक मोडतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० तास झाले, म्हणजे कामाचे सहा दिवसांहून अधिक. त्यात मुलांच्या गाडीचे पैसे, रिक्षाचे पैसे, उन्हाळ्यातल्या टँकरचे पैसे मिळवा. कागदावर दोन्ही जागांचा असा पुरा हिशेब मांडला, म्हणजे स्वस्त जागा कित्येकदा स्वस्त राहत नाही. राहिलीच, तर ती खुशाल घ्यावी. पण हिशेब मांडून घ्यावी.

मुलांपासून आरंभ करू. शाळा चांगली की वाईट हे पाहण्याच्या आधी तिची वाट पाहावी. आठ वर्षांचे मूल ज्या रस्त्याने एकटे जाऊ शकेल असा रस्ता आहे काय? मध्ये हमरस्ता ओलांडावा लागतो काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरलेले आहे. हे माप आपल्याही हाती असावे. दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी याच कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा ठेवल्या आहेत. मात्र तेथेही राहत्या घरापासूनचे अंतर पाहतात, आणि भाडेकरूकडून नोंदणी केलेला करारनामा मागतात. अर्ज शाळा उघडण्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. मे महिन्यात जागा शोधावयास निघालेल्याची ती संधी त्या वर्षापुरती बहुधा गेलेली असते. दाखल्याची मात्र धास्ती नको. जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला एवढ्यावरून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडविता येत नाही, असे हाच कायदा सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पवना धरणावर अवलंबून असलेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला, आणि तात्पुरती वाटलेली ती व्यवस्था वर्षानुवर्षे चालली. तेव्हा नळ आहे काय, एवढे विचारून भागत नाही. नळ किती वाजता येतो, साठवण्याची टाकी केवढी, आणि मागच्या उन्हाळ्यात टँकर किती मागविले, हे विचारावे. घरमालकापेक्षा शेजारच्या बिऱ्हाडातील बाईला विचारलेले बरे, कारण पाणी भरते ती. नळ पहाटे येत असेल तर पहाटे उठावयाचे कोणी, हेही घरात आधीच ठरलेले असावे.

तिसरी गोष्ट खालच्या जमिनीची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेकाठचे पुणे वाहून गेले. बेघर झालेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती पुढे उभ्या राहिल्या. नदी आपली जागा विसरत नाही, हा धडा एका पिढीला पुरला. पुढच्या पिढीस तो पुन्हा शिकावा लागला. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत नदीचे पाणी घराघरांत शिरले. पाटबंधारे खाते नदीच्या दोन रेषा आखते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी पूररेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधावयास मनाई आहे. २०२५ च्या मे महिन्यात चिखली येथे, म्हणजे आपल्याच रस्त्याच्या बाजूस, इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशाने महानगरपालिकेने पाडले. त्यांत राहणाऱ्यांनीही जागा पाहूनच घेतली असेल. नकाशा पाहिला असता तर बरे झाले असते.

आपण शेतकरी माणसे; सातबारा वाचणे आपल्याला शिकवावे लागत नाही. परंतु शहराच्या कडेला सातबारा पुरत नाही. जमीन कोणाची हे तो सांगतो. तिच्यावर घर बांधता येईल की नाही हे विकास आराखडा सांगतो. मोशी, चिखली ही गावे १९९७ मध्ये महानगरपालिकेत आली, आणि अशा गावांतून शेताचे तुकडे गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले. गुंठा घेणाऱ्याने महानगरपालिकेतून झोन दाखला काढावा, आणि जागेवर रस्त्याचे किंवा मैदानाचे आरक्षण नाही याची खात्री करून घ्यावी. सदनिका घेणाऱ्याने तो प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे की नाही ते पाहावे. हा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला ही नोंदणी लागत नाही. म्हणून लहान इमारतीत जागा घेताना अधिक सावध असावे.

चौथी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांची, आणि तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. गावी ज्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस पार, देऊळ आणि फाट्यावरचे चहाचे दुकान यांत सुखाने जातो, त्याला चौथ्या मजल्यावर आणून बसविले की तो महिन्याभरात म्हणतो, मला गाडीत बसवून द्या. त्याला काय हवे असते? चढउतार नसलेला थोडा रस्ता, सावलीतला बाक, चालत जाण्याजोगा दवाखाना आणि बोलावयास चार माणसे. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडीच्या बाजूस त्याने जे सेक्टर पाडले, त्यांत रस्ते रुंद ठेवले आणि बागांना जागा राखली. २०२१ साली प्राधिकरण विलीन होऊन गेले, पण आखणी तशीच राहिली, आणि संध्याकाळी तेथल्या बागांत बसलेले आजोबा पाहिले म्हणजे तिचा उपयोग कळतो. बाग नसलेल्या वस्तीत देऊळ किंवा वाचनालय आहे काय ते पाहावे. काहीच नसेल तर त्या माणसाला घरात कोंडण्याचा निर्णय आपण घेत आहोत, हे तरी स्वतःशी कबूल करावे.

येथे एक नाजूक प्रश्न येतो. आपल्या गावच्या माणसांजवळ राहावे की त्यांच्यापासून दूर? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. जवळ राहिल्याने रात्रीअपरात्री दार ठोठावता येते, मूल आजारी पडले तर शेजारीण धावून येते, नव्या सुनेला भाषेचा आणि चालीरीतींचा परकेपणा वाटत नाही. उलट पक्षी, गावचे हेवेदावे आणि भाऊबंदकीही त्याच गाडीतून शहरात उतरते, आणि शिकू पाहणाऱ्या मुलीच्या येण्याजाण्यावर चार जास्तीचे डोळे लागतात. माझे मत असे की पहिली दोन वर्षे आपल्या माणसांच्या हाकेच्या अंतरावर राहावे, पण एकाच चाळीत, एकाच जिन्यावर राहू नये. जाण्यायेण्याला थोडी वाट मधे असली म्हणजे प्रेमही टिकते.

एवढे सारे एका रविवारी कसे पाहावयाचे? पाहता येत नाही, आणि म्हणूनच जागा आरंभीच विकत घेऊ नये. एक वर्ष भाड्याने राहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि शाळेचे एक वर्ष गेले म्हणजे वस्ती आपले खरे रूप दाखविते. भाड्याचा करार ११ महिन्यांचा असला तरी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. ‘राहू द्या हो, घरचेच आहात’ या शब्दांवर विसंबू नये. तो कागद शाळेत लागतो.

आणि भाड्यानेही घेण्यापूर्वी वस्ती चार वेळांना पाहावी. सकाळी सातला, जेव्हा सारी वस्ती बाहेर पडते. दुपारी दोनला, जेव्हा फक्त स्त्रिया आणि म्हातारे उरतात. संध्याकाळी सहाला, मुले कोठे खेळतात ते पाहण्यासाठी. आणि रात्री नऊला, रस्त्यावर दिवे आहेत काय ते पाहण्यासाठी. बसथांब्यापासून घरापर्यंत स्वतः चालून पाहावे. जाहिरातीतील नावावर जाऊ नये. २०२२ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा नाशिक फाट्यावरच्या स्थानकाला भोसरी हे नाव होते; प्रत्यक्षात भोसरी गावठाण तेथून काही किलोमीटर दूर. नाव वाचून जागा घेणाऱ्याला रोज रिक्षा करावी लागली असती.

शेवटी एकच विनंती. उद्या आपल्यापैकी कोणी जागा पाहावयास निघेल, तेव्हा त्याने एकट्याने जाऊ नये. पत्नीला न्यावे, शाळेत जाणाऱ्या मुलाला न्यावे, आणि जमल्यास आईलाही न्यावे. तिला मजला चढावयास लावावे, आणि खाली उतरल्यावर विचारावे, ‘आई, इथे दिवस जाईल का गं तुझा?’ ती काय म्हणते ते ऐकावे. ती गप्प राहिली, तर दुसरी जागा पाहावी.