कोबीतला किडा आणि मेंदूतला कोष

प्रौढ वयात, पूर्वी कसलाही त्रास नसताना एखाद्या व्यक्तीला अचानक फिट आली आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूत लहानशी गाठ दिसली, की महाराष्ट्रात पहिला संशय कोबीवर घेतला जातो. कोबीच्या पानांत दडलेला किडा पोटात जातो, तेथून वर चढून मेंदूत घर करतो आणि मेंदू कुरतडू लागतो, हा समज इतका घट्ट बसला आहे की अनेक घरांतून कोबी कायमचा हद्दपार झाला आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी त्याला खतपाणी घातले आहे. कोबीच्या पानांवर दिसणारी हिरवट अळी बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. ती कीटकाची अळी आहे, कोबीची पाने खाऊन तिचा पतंग होतो, आणि चुकून माणसाच्या पोटात गेलीच तर ती अन्नासारखी पचून जाते. मेंदूत कोष करणारा जीव कीटक नसून ‘टीनिया सोलियम’ नावाचा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा व खंडाखंडांचा बनलेला जंत आहे, आणि त्याचा कोबीवरील अळीशी काडीचाही संबंध नाही.

या कृमीचे जीवनचक्र एकदा नीट समजून घेतले तर अर्धे गैरसमज आपोआप गळून पडतात. पूर्ण वाढलेला पट्टकृमी फक्त माणसाच्याच आतड्यात राहतो. त्याची लांबी काही मीटर असते, आणि त्याच्या शेपटाकडचे पक्व खंड तुटून शौचावाटे बाहेर पडतात. पांढरट, चपट्या, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांबीच्या अशा प्रत्येक खंडात पन्नास हजारांपर्यंत अंडी असू शकतात. उघड्यावरची ही विष्ठा मोकाट डुकराने खाल्ली, की अंड्यांतून बाहेर पडलेले भ्रूण त्याच्या आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतात आणि स्नायूंमध्ये द्रवाने भरलेले वाटाण्याएवढे कोष तयार करतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले, तर कोषातील कृमीचे डोके माणसाच्या आतड्याला चिकटते आणि काही आठवड्यांत त्याचा पुन्हा लांबलचक पट्टकृमी होतो. गोव्यातील जुन्या घरांमध्ये शौचकूपाखाली डुकरे सोडण्याची जी पद्धत होती, तीत माणसाची विष्ठा आणि डुकराचा चारा यांत काहीच अंतर उरत नव्हते.

येथवर मेंदूचा संबंध कोठेच आलेला नाही, आणि खरा घोटाळा नेमका येथेच होतो. डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो, मेंदूत कोष होत नाहीत. मेंदूत कोष होतात ते अंडी गिळल्याने, आणि अंडी असतात ती केवळ माणसाच्या विष्ठेत. अंडे गिळले की माणसाच्या शरीरात तेच घडते जे डुकराच्या शरीरात घडते: भ्रूण रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत जाऊन कोष करतात. मेंदूतील या विकाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. म्हणून आयुष्यात मांसाचा तुकडाही तोंडात न घातलेल्या व्यक्तीला तो होऊ शकतो, आणि ‘शाकाहारी माणसाला हा रोग होतो म्हणजे तो भाजीतूनच येत असणार’ हे अनुमान तर्काला धरून वाटले तरी चुकीचे ठरते.

यावर शंका घेणाऱ्यांसाठी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध पुरेसा आहे. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजातील, म्हणजे धर्माज्ञेनुसार डुकराचे मांस वर्ज्य मानणाऱ्या समाजातील, चार जणांच्या मेंदूत हे कोष सापडले. शोध घेता या कुटुंबांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्त्रिया घरकामाला असल्याचे दिसले, आणि त्यांच्यापैकी एकीच्या पोटात टीनिया जातीचा पट्टकृमी असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. या उदाहरणावरून घरकाम करणाऱ्या बायकांकडे बोट दाखवण्याची घाई मात्र कोणी करू नये, कारण कृमीचा वाहक घरातील कर्ता पुरुषही असू शकतो आणि खुद्द रुग्णही. शौचानंतर साबणाने न धुतलेल्या स्वतःच्याच बोटांवाटे अंडी तोंडात जाऊन वाहकाच्या मेंदूत कोष झाल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत.

मग कोबी पूर्ण निर्दोष आहे काय? सांडपाण्यावर पिकवलेली किंवा मैला मिसळलेल्या पाण्याने धुतलेली कोणतीही भाजी अंडी वाहून आणू शकते, आणि कोबीइतकीच ती कोथिंबीर, मुळा, गाजर यांवरही असू शकतात. कच्ची खायची भाजी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुवावी, कोबीची वरची पाने काढून टाकावीत, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे. शिजवलेल्या कोबीची भीती मात्र निराधार आहे, कारण उकळत्या अन्नात ही अंडी टिकत नाहीत. परंतु संसर्गाचा सर्वांत मोठा धोका वाहकाच्या सान्निध्यात असतो, आणि चीड येते ती येथे: कोबी बंद करून कुटुंब निर्धास्त होते, घरातील इतरांची शौचतपासणी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि ज्याच्या आतड्यातून अंडी बाहेर पडत आहेत तो वाहक त्याच हातांनी काकडीची कोशिंबीर कालवत राहतो. वास्तविक आतड्यातील पट्टकृमी निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल यांच्या एका मात्रेत बहुधा निकालात निघतो.

फिट आली म्हणजे संसर्ग गेल्या आठवड्यातला, हाही एक भ्रम. जिवंत कोष शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवत वर्षानुवर्षे मुकाट पडून राहू शकतो. तो मरणपंथाला लागला की भोवती दाह होतो, सूज येते आणि बहुधा तेव्हा झटके सुरू होतात. भारतातील नोकरी संपवून इंग्लंडला परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना कित्येक वर्षांनी झटके येऊ लागल्यामुळे हा विलंब वैद्यकाच्या ध्यानात आला, आणि १९६१ साली अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा गेल्या रविवारच्या जेवणात दोषी पदार्थ शोधणे व्यर्थ होय. भारतात हा विकार दुर्मीळही नाही: वेल्लोर जिल्ह्यातील पाहणीत सक्रिय अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत त्याचा संबंध आढळला, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या प्रदेशांतील अपस्मारात त्याचा वाटा सुमारे ३० टक्के धरला आहे.

उपचारांबाबत ‘जंत मारला की काम झाले’ ही समजूत विशेष धोक्याची आहे. झटके आवरणारी औषधे हा उपचाराचा पाया आहे. कृमिनाशक अल्बेंडाझोल त्यानंतर येते, आणि तेही स्टेरॉइडच्या आधाराने, कारण कोष एकदम मरू लागले की दाह वाढून झटके बळावू शकतात. मेंदूला आधीच मोठी सूज असेल तर कृमिनाशक देणे जिवावर बेतू शकते. डोळ्यात कोष असेल तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून औषधापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासतात. आणि कोषाचा चुनखडीसारखा खडा झाला असेल तर मारण्यासारखे काही उरलेलेच नसते. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून खाणाऱ्याला यांतले काहीच ठाऊक नसते. उलट दिशेची चूकही भारतात पुष्कळ झाली आहे: स्कॅनमध्ये दिसणाऱ्या एकुलत्या लहान गाठीला क्षयाची गाठ समजून क्षयाची औषधे दिली जात, पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठी तपासून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की त्यांत याच पट्टकृमीचा कोष असतो.

किरकोळ समजांना एकदोन वाक्ये पुरेत. शाळेत मिळणारी जंताची एक गोळी आतड्यातील जंतांसाठी असते, मेंदूतील कोषांवरचा तो उपचार नव्हे. झटके आवरणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात असे नाही. एकच कोष असेल, तो विरून गेला असेल आणि झटके थांबले असतील, तर काही महिन्यांनी डॉक्टर ती हळूहळू बंद करू शकतात, मात्र रुग्णाने ती स्वतःहून तोडू नयेत. झटक्याच्या वेळी कांदा, चप्पल किंवा किल्ली यांचा काडीचा उपयोग नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही कोंबू नये, आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णालय गाठावे. अपस्मार हा संसर्गजन्य नाही, आणि हिंदू विवाह कायद्यात त्याचा जो अडसर होता तो १९९९ सालच्या दुरुस्तीने काढून टाकला आहे.

शेवटचा समज निराशेचा आहे, की हा कृमी हटणे शक्य नाही. पेरूच्या उत्तरेकडील तुंबेस प्रदेशात माणसांना पट्टकृमीवरचे औषध, डुकरांना ऑक्सफेंडाझोल आणि लस असा एकत्र मारा करण्यात आला, तेव्हा १०७ पैकी १०५ गावांत संक्रमण थांबले; २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्या प्रकल्पाच्या कक्षेत ऐंशी हजारांहून अधिक लोक होते. डुकरांसाठीची या प्रकारची लस हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या संस्थेत तयार होते, म्हणजे साधन परदेशातून आणावे लागेल असेही नाही. अडचण वेगळी आहे: कोष असलेले डुक्कर वरून धडधाकट दिसते, त्यामुळे पाळणाऱ्याला लसीवर पैसे घालण्यात स्वतःचा काहीच लाभ दिसत नाही, आणि लस माणसाच्या मेंदूसाठी टोचली जात असली तरी तिचा खर्च माणसांचे आरोग्य खाते उचलणार की पशुसंवर्धन खाते, हा प्रश्न सुटल्याखेरीज ती वाड्यावस्त्यांवर पोहोचणार नाही.