कर्त्याविना बांधलेली भिंत

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनापाठोपाठ काळी बुरशी आली. रुग्णांचे नातेवाईक डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन’साठी पुणेभर वणवण फिरत होते. साधे ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना अपाय करू शकते. ‘लायपोसोमल’ रूपात तो धोका बराच कमी होतो. या शब्दात असे आहे तरी काय, हे तेव्हा काही पालकांनी विचारले होते. मी इतिहासाचा शिक्षक. उत्तराला विलंब झाला.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंची अतिसूक्ष्म पोकळ कुपी. या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे, शेपूट पाणी टाळणारे. पाण्यात शेपट्या एकमेकींच्या आडोशाला जातात, दुपदरी पडदा तयार होतो आणि उघड्या कडाही झाकल्या जाव्यात म्हणून तो वळून मिटतो. आत पाणी, बाहेर पाणी, मध्ये भिंत. पाण्यात न विरघळणारे ॲम्फोटेरिसिन या भिंतीतच सामावते. तिला आकार कोण देतो? कोणीही नाही. अनुकूल कारणे एकत्र आली की ती घडते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्यांना हे नवे वाटू नये.

इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात या कुप्या ओळखल्या. १९९९ मध्ये अमेरिकेत बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, साखळ्यांपासून अधिक चिवट कुप्या घडवल्या गेल्या. तिथेही साखळीचा एक भाग पाणी टाळणाराच होता.

पण जिचे दोन्ही भाग पाण्यात विरघळतात, ती साखळी भिंत का बांधेल? जर्मनीतील पॉट्सडॅमच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिले. डेक्स्ट्रान ही शर्करेची साखळी आणि पॉलिएथिलीन ऑक्साइड, दोन्ही पाण्यात सहज विरघळतात. परंतु त्यांची दाट द्रावणे एकत्र केली की वेगवेगळे थर पडतात. वैर पाण्याशी नाही, शेजाऱ्याशी आहे. (मला गावकूस आठवले, पण उपमा ताणू नये.) हे दोन्ही एकाच रेणूत जोडले तर फारकत घेता येत नाही. मग सजातीय भाग एकमेकांजवळ सरकतात आणि त्यातूनच पडदा व कुपी घडते.

ही भिंत स्वतःच ओलसर असते, त्यामुळे पाण्यात विरघळणारे पदार्थ तिच्यातून झिरपू शकतात. औषध साठवायचे तर हा दोष. पोषक द्रव्ये आत-बाहेर जाऊ द्यायची तर हाच गुण. म्हणून काही संशोधक साखळ्यांना आडवे टाके घालून भिंत पक्की करतात.

बिबवेवाडीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाणला, १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. बहुवारिके हा तिचा जुना विषय. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वसामान्यांना प्रवेश असतो. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना न्यावे आणि टाक्यांविषयी विचारावे.