बाग मोकळी हवी

गोडी छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार सकाळी आधी आभाळ बघतो आणि मग पान उलटून बघतो. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, तर डाऊनी हा रोग बागेत शिरला. त्यापुढचे सगळे दिवस मग त्याच्याशी झुंजण्यात जातात.

युरोपात हिवाळ्याच्या कडाक्यात वेल झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटला जातो. आपल्याकडे तशी थंडी नाही, म्हणून वेलाला दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा जन्म होतो. ऑक्टोबरच्या सुमारास त्या डोळ्यावर छाटायचं, हीच गोडी छाटणी, की पोंगा म्हणजे कोवळा कोंब फुटतो आणि घड बाहेर पडतो. तिथून तोडणीपर्यंत साधारण चार ते साडेचार महिने. त्यातला पोंग्यापासून मणी सेट होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक. फुलोऱ्यात पाऊस आला, पानं रात्रभर ओली राहिली, की घडच कुजतो आणि गळतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला, तेव्हा लवकर छाटलेल्या कितीतरी बागा अशाच गेल्या.

डाऊनीवरचं सर्वांत जुनं औषध, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, योगायोगाने सापडलं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना किळस यावी म्हणून ते शिंपडत. नेमक्या त्याच वेली रोगातून वाचल्याचं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 मध्ये त्याने ते जगापुढे मांडलं. आपल्या बागांतून ते आजही फवारलं जातं.

पाऊस संपला म्हणून सुटका नाही. डाऊनीला ओलावा लागतो, तर भुरी ही दुसरी बुरशी कोरड्या, ढगाळ, थंड हवेत वाढते, आणि तीही बागेच्या आत, जिथे सावली दाट तिथे. म्हणून औषधाच्या डब्याइतकंच महत्त्व कात्रीला आहे, असं माझं मत आहे. घड नसलेल्या फेलफुटी वेळेवर काढल्या, शेंडे मारले, घडाजवळची जादा पानं उतरवली, की वारा आरपार जातो, दव लवकर वाळतं आणि फवारणी घडापर्यंत पोहोचते. गच्च बागेत कितीही महाग औषध मारा, ते बाहेरच्या पानावरच राहतं.

हाच नियम घडालाही लागू. पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात आणि वेलाखाली मान वर करून दिवसभर विरळणी करतात. बहुतेक बायकाच. एका हाताने घड अलगद फिरवायचा, दुसऱ्या हातातल्या बारीक कात्रीने मधल्या पाकळ्या म्हणजे घडाच्या उपशाखा आणि दाटीतले मणी उडवायचे, राहिलेल्या मण्याला टोक लागू द्यायचं नाही. चुकून टोचलेला मणी पुढे सडतो आणि शेजारच्यांनाही सडवतो. थॉमसन या वाणाला बी नाही, त्यामुळे मणी मुळात लहान राहतो. जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवून तो फुगवावा लागतो. फुगणाऱ्या मण्याला जागा ही विरळणीच देते.

मग मण्यात पाणी उतरतं. कडक मणी मऊ होतो, आंबटपणा घटतो, पानांत तयार झालेली साखर घडात येऊ लागते. घडाच्या मानाने पान कमी असलं तर गोडी चढत नाही, म्हणून मोकळी बाग म्हणजे ओकीबोकी बाग नव्हे. या दिवसांत पाणी बेताने द्यायचं. एकदम दिलं किंवा पाऊस आला तर मणी तडकतात. निफाडचा पारा घसरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. थंड रात्र आणि तापलेली दुपार यांच्या फरकात हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते आणि व्यापारी भाव पाडतो.

भुरीची भीती असतेच, पण तोडणी जवळ आली की औषध मारता येत नाही, कारण त्याचे अंश मण्यात राहतात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. युरोपला निर्यातीसाठी प्रत्येक प्लॉट अपेडा या केंद्राच्या निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंदवावा लागतो, आणि त्यातला नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय माल हलत नाही. शेवटच्या महिन्यात बाग निरोगी राहते ती पहिल्या दोन महिन्यांच्या कामावर.

तोडणी सकाळच्या गारव्यात होते. घड देठाला धरायचा, कारण बोट लागलं की मण्यावरची पांढुरकी झाक पुसली जाते. प्रीकूलिंगमध्ये काही तासांत माल चार अंशांच्या आसपास आणतात आणि मग पेटीत वर गंधकवायू सोडणारा कागद ठेवतात.

आंबा घरी आणून आढीत पिकवता येतो. द्राक्ष वेलावरून उतरलं की त्याची गोडी वाढत नाही. म्हणून घेताना देठ हिरवा आहे ना ते पाहा आणि घडाच्या अगदी खालच्या टोकाचा मणी चाखा. तो शेवटी पिकतो. तो गोड असेल तर अख्खा घड गोड निघेल.