दुखापतींचा हिशोब

फुटबॉलपटूंना दुखापती सामन्यात जास्त होतात की सरावात? नुसत्या दुखापती मोजून याचे उत्तर मिळत नाही, कारण सरावाचे तास सामन्यांच्या तासांपेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणून संशोधक 'खेळाडू-तास' हे माप वापरतात. एका संघाचे ११ खेळाडू दीड तास खेळले, की ११ × १.५ = १६.५ खेळाडू-तास होतात.

युरोपातील अव्वल क्लबांमध्ये अशी नोंद २००१ पासून सुरू झाली. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड हे या कामाचे प्रमुख. पहिल्या सात हंगामांत दर १००० खेळाडू-तासांमागे सरावात सुमारे ४, तर सामन्यांत सुमारे २७ दुखापती आढळल्या. म्हणजे सामन्यातला धोका जवळजवळ सातपट!

सर्वांत जास्त वेळा दुखावले ते मांडीच्या मागचे स्नायू. असे का व्हावे? वेगाने धावताना पाय पुढे झेपावतो. पाऊल टेकण्यापूर्वी त्याला आवर घालतात ते हेच स्नायू. ताणले जात असतानाच त्यांना जोर लावावा लागतो.

मग याच कामाची त्यांना सवय लावली तर? व्यायाम सोपा आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून, तोल सावरत हळूहळू पुढे झुकायचे. डेन्मार्कमध्ये ५० संघांतील ९४२ खेळाडूंवर याची परीक्षा झाली. कोणत्या संघाला व्यायाम द्यायचा, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. हौशी प्रशिक्षकांच्याच संघांना तो दिला असता, तर गुण व्यायामाचा की प्रशिक्षकाचा, हे कळलेच नसते. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात व्यायाम न दिलेल्या गटात या स्नायूंच्या ५२ दुखापती झाल्या होत्या, व्यायाम दिलेल्या गटात केवळ १५.

तरीही २०१२ ते २०१४ दरम्यान ५० व्यावसायिक क्लबांची पाहणी केली, तेव्हा हा व्यायाम ठरल्याप्रमाणे करणारे फारच थोडे निघाले. आणि अव्वल क्लबांमधील एकूण दुखापतींत या स्नायूंचा वाटा २००१-०२ मध्ये १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. उपाय सापडणे आणि तो अंगवळणी पडणे, यांत असे अंतर असते.

आपल्या शाळेच्या संघासाठीही एक वही घालता येईल: तारीख, खेळाडूंची संख्या, खेळाचे तास, दुखापत. वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांनाच भागाकार करू द्या.